सातशे चौदा नंबरचा सुरा

काका, म्हणजे माझे घरमालक, फिटर होते. छत्तीस वर्षं एकाच कारखान्यात. त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतभर लाकडी खण आहेत, आणि त्यांत त्रेसष्ट सुरे. सगळे सैनिकांचे. एक खंदकातल्या लढाईतला, त्याच्या मुठीला बोटं अडकवायला पितळी कडी आहेत. काही मुळात संगिनी होत्या. मोडल्यावर कुणीतरी घासून त्यांचे सुरे केले. अलीकडचे काळे आहेत, रबरी मुठीचे. ऊन पडलं तरी ते चमकत नाहीत.

लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला नाद लागलाय. वहिनी म्हणायच्या, "घरात त्रेसष्ट सुरे, आणि भाजी चिरायला एक धड नाही."

वहिनी म्हणजे काकांच्या थोरल्या भावाची बायको. सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणते, मीही. भाऊ सैन्यात होता. एकतीस वर्षांपूर्वी लढाईवर गेला आणि आलाच नाही. मेल्याचं कळलं नाही. कळलं ते बेपत्ता असल्याचं. तेव्हा वहिनी सव्वीस वर्षांच्या होत्या. त्या रडल्या नाहीत. त्यांचं काहीतरी माझ्या हातात आणून ठेवा, मग ते गेले असं मानेन, एवढंच म्हणाल्या. त्यानंतर दर महिन्याला वहिनी नवऱ्याचे शर्ट कपाटातून काढून धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्री करून परत ठेवायच्या.

भावाच्या शेवटच्या पत्रात एक ओळ होती. सुरा मिळालाय, पात्यावर मुठीजवळ ७१४ ठोकलंय, हरवला तर साहेब मलाही हरवून टाकेल.

लढाई संपली की असली हत्यारं हातोहात फिरतात. भंगारात जातात, जुन्या बाजारात येतात. काका बाजार हिंडू लागले. नुसतं बघणाऱ्याला कुणी आतला माल दाखवत नाही, म्हणून एखादा सुरा घेत गेले. घरी आणल्यावर त्याला तेल लावायचे. नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायचे आणि तो ठसा वहीत चिकटवायचे. लग्न करायचं राहून गेलं. हळूहळू सुरेही आवडायला लागले, हे ते जरा खजील होऊनच सांगत.

मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. साहित्य शिकलो म्हणून काकांनी मला पत्रं लिहायला धरलं. पत्रं विक्रेत्यांना जायची. मजकूर ठरलेला असे: नंबर असल्यास कळवावा. कुठला नंबर, ते मला सांगितलं होतं, पण पत्रात लिहायचं नाही. मला ती त्यांची लहर वाटली. मी कारण विचारलं नाही.

मागच्या वर्षी काकांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला. बाजार हिंडणं बंद झालं. ते दिवसभर नुसते बसून असत. मला बघवेना. संग्राहकांचा इंटरनेटवर एक गट आहे. तिथे मी त्यांना न विचारता सगळी हकीकत लिहिली. भाऊ, वहिनी, पत्रातली ओळ, नंबर. लेख चांगला उतरला. खूप लोकांनी वाचला. मला त्याचा अभिमान वाटला.

तीन आठवड्यांनी पार्सल आलं. पाठवणारा अनोळखी होता. लेख वाचून पाठवतोय, पटला तर पैसे पाठवा, असं चिठ्ठीत होतं. पात्यावर ७१४.

काकांनी भिंग घेतलं नाही. अंगठ्याने नंबर चाचपला. सवयीने ठसा घेतला. मग ते आत गेले आणि सुरा वहिनींच्या हातात ठेवला.

वहिनींनी आकड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे गेले."

"हो, वहिनी."

"बरं झालं, भावजी. मला फार दमायला झालं होतं."

त्या आठवड्यात त्यांनी सगळे शर्ट वाटून टाकले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा बहिणीकडे चार दिवस राहून आल्या.

वहिनी बहिणीकडे असतानाच दुसरं पार्सल आलं. गाव वेगळं, नाव वेगळं. पात्यावर ७१४.

मला आधी काही उमगलंच नाही. काकांनी वही काढली. पहिल्या ठशाशेजारी दुसरा ठेवला. दोन्हीतल्या सातच्या पायाचा टवका उडालेला होता. एकाच लोखंडी पंचाने ठोकलेले आकडे. मग त्यांनी भिंग घेतलं. जुन्या आकड्यात गंज मुरलेला असतो. इथे आकडा गंज फोडून आत गेला होता आणि जुना दिसावा म्हणून वरून शाई भरली होती.

"नंबर कुणाला सांगितलास?"

मी सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आपण मागितलं की बाजार बनवून देतो," ते म्हणाले. "म्हणून तर एवढी वर्षं तोंड शिवून होतो."

वहिनी परतल्या तेव्हा हसत होत्या. बहिणीने आग्रह करून दिलेली साडी त्यांनी दाखवली. काकांनी छान आहे म्हटलं. दुसरा सुरा तोवर माझ्या खोलीत, गादीखाली होता.

तेव्हापासून काका सकाळीच पायरीवर येऊन बसतात. पोस्टमन दिसला की आधी तेच उठतात. तिसरं पार्सल गेल्या मंगळवारी आलं. ते आम्ही मागच्या पडवीत उघडलं. लाकडी मूठ एका बाजूने झिजलेली. ७१४. सात धड होता, कुठे टवका नव्हता. आकड्यांच्या तळाशी काळं काही तरी होतं. शाई होती की गंज, मला कळेना.

मी भिंग पुढे केलं. काकांनी माझं मनगट धरलं.

"नको."

"काका, हा खरा असेल."

"असेल. मग? वहिनींना काय सांगू? तुमच्या हातात दिला तो खोटा, हा घ्या, पुन्हा एकदा मानून दाखवा?"

"पण तुम्हाला तरी कळेल."

"मला कळलं तर माझ्या तोंडावर दिसेल. ती बाई माझं तोंड रोज बघते."

त्यांनी पडवीतल्या धार लावायच्या यंत्राचं बटण दाबलं. पात्याची मुठीजवळची बाजू चाकावर टेकवली. एकतीस वर्षं शोधलेला आकडा. मी काहीच केलं नाही. जे करायचं नव्हतं ते मी आधीच करून बसलो होतो.

आवाज ऐकून वहिनी दाराशी आल्या. "भावजी, नवीन आला वाटतं. कुणाचा आहे?"

"काय माहीत," काका मान वर न करता म्हणाले. "नंबरच नाही याच्यावर."

"मग कशाला घेता असले?" म्हणत त्या आत गेल्या.

पात्यावरचा नंबर केव्हाच गेला होता. काका घासतच होते.