सासऱ्यांची सायकल आणि माझं धावणं

त्रेचाळिसाव्या वर्षी माझी साखर काठावर आली. कारंज्याला आमच्या कार्यालयात आरोग्य तपासणी होती. सगळ्यांनी रांगेत उभं राहून बोटं टोचून घेतली आणि डॉक्टरबाईंनी माझा कागद बघून मला तेवढं थांबायला सांगितलं. गोळी अजून नको, म्हणाल्या, पण रोज चाला आणि आठ-दहा किलो उतरवा. याच आजारानं माझ्या आईची शेवटची वर्षं फार वाईट गेली होती. पायाची जखम महिनोन्‌महिने भरायची नाही. कागद मी पर्समध्ये अगदी तळाशी ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून कार्यालयातल्या एका मैत्रिणीबरोबर चालायला लागले. चौथ्या दिवशी ती आली नाही, मग आलीच नाही. एकटीनं जायचं तर हायवेला ट्रक उभे आणि ढाब्यांवर माणसं बसलेली. खेड्याकडच्या रस्त्यानं जावं तर कुत्री. नवरा शिक्षक, त्याची शाळा लांब, सकाळी तो निघायच्या घाईत. दोन दिवस मी घरीच बसले. तिसऱ्या दिवशी पाच वाजता चहा ठेवायला उठले तर सासरे अंगणात सायकलमध्ये हवा भरत होते.

सासरे पोस्टमन होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती आणि सासूबाई गेल्यापासून ते घरात कामापुरतंच बोलत. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, पण जेवायला वाढू का, औषध घेतलं का, यापलीकडे आमचं बोलणं कधी गेलं नव्हतं. त्यांनी पंप भिंतीला टेकवला आणि म्हणाले, "चाल बाई. मी संग येतो."

मी पुढे चालायची, ते मागून सावकाश सायकल चालवायचे. ज्या रस्त्यानं आम्ही जात होतो त्यावर त्यांनी आयुष्यभर टपाल वाटलं होतं. कोणत्या शेतातलं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कोणतं खरंच अंगावर येतं, हे त्यांना माहीत होतं. अंतरं तर तोंडपाठ. पुलापासून चिंचेपर्यंत सव्वा किलोमीटर, असं ते सांगायचे. मी फोनवर मोजून बघितलं, तेवढंच निघालं. मग मी फोन बघणंच सोडलं.

थंडीतल्या एका सकाळी मागून आवाज आला, "त्या बाभळीपर्यंत पळून पाह्य." मला हसू आलं, पण ते काही हसले नाहीत. मी पळाले. शंभरेक पावलं असतील, पण बाभळीला धरून उभी राहिले तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्या पुढची बाभूळ दाखवली.

मी पंजाबी ड्रेसवर पळायची. ओढणी सारखी सुटायची, मग एका हातानं ती सावरत पळायचं. टी-शर्ट आणि ट्रॅकपँट आणून ठेवली होती, पण सासऱ्यांसमोर घालायची कशी? कपाटात त्यांची घडीही मोडली नव्हती. एकदा परतताना सायकलची साखळी उतरली. ती बसवायला ते वाकले आणि मान वर न करताच म्हणाले, "उद्यापासून ओढणी घरीच ठेवजो. चाकात गेली तर दोघंही पडू."

माझी ओढणी त्यांच्या चाकाच्या आसपासही कधी नसायची. मी बरं म्हटलं.

गावात चर्चा झाली. सून पळते आणि सासरा मागून सायकल हाकतो, हे नणंदेच्या कानावरसुद्धा गेलं. तिचा फोन आल्यावर नवरा मला म्हणाला की थोडे दिवस राहू दे. बाबा, म्हणजे सासरे, आतल्या खोलीत होते. ते बाहेर आले आणि मुलाला एवढंच म्हणाले, "मी जाऊन राह्यलो ना तिच्या संग. मंग तुले काऊन अडचण?" तो विषय पुन्हा निघाला नाही. पुढे नवऱ्यानंच फोनवर मला नागपूरच्या शर्यतीची जाहिरात दाखवली. एकवीस किलोमीटर. मी तेव्हा जेमतेम सहा पळत होते. बाबांनी आकडा ऐकला आणि म्हणाले, म्हणजे माझी टपालाची रोजची फेरी.

मे महिन्यात नडगी दुखायला लागली. वर्ध्याच्या फिजिओथेरपिस्टनं तीन आठवडे पळणं बंद करायला सांगितलं. मला आतून सुटल्यासारखं वाटलं. झालं तेवढं पुष्कळ झालं, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. बाबा मात्र रोज पहाटे सायकल काढून एकटेच जात होते. सवय असेल, असं मला वाटलं. जूनमध्ये, नुसतं चालून येऊ म्हणून, मी त्यांच्याबरोबर गेले तर रस्त्याकडेच्या विजेच्या खांबांवर चुन्याचे आकडे दिसले. एक, दोन, तीन. प्रत्येक किलोमीटरला एक. मी विचारलं तर म्हणाले, "दहापर्यंत लिवले. जाऊन येऊन वीस होते." त्या दिवशी आम्ही चारच्या आकड्यापासून परतलो. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी दहाच्या खांबाला हात लावून परत आले.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं नागपूरला माझ्या भावाकडे गेलो. शर्यतीच्या मार्गावर सायकल चालणार नव्हती, म्हणून बाबा नवऱ्याबरोबर शेवटच्या कमानीपाशी थांबणार होते. हजारो माणसांत मी पळत होते, पण मागे सायकलीची खडखड नाही, याचीच जाणीव सतत होत होती. पंधराव्या किलोमीटरपर्यंत ठीक गेलं. सोळाव्यानंतर पोटऱ्या दगड झाल्या आणि मी चालायला लागले. आजूबाजूनं लोक पुढे जात होते. रडू येत होतं, आणि या वयात रस्त्यावर रडायची लाजही वाटत होती. एका उड्डाणपुलाचा अख्खा चढ मी चालत चढले. उतार लागला तेव्हा पाय आपोआप हलले, मग मी थांबले नाही.

कमान ओलांडली तेव्हा तीन तासांना चार मिनिटं कमी होती. नवरा फोटो काढत होता. बाबांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"किती चालली?"

मी म्हटलं, एक किलोमीटर असेल.

"मंग वीस पळाली ना," ते म्हणाले आणि माझ्या बुटांची नाडी सोडायला खाली बसले. मी नको नको म्हणेपर्यंत एक बूट निघालाही होता.

त्यानंतरच्या तपासणीत साखर उतरली होती. डॉक्टरबाईंनी दोनदा कागद बघितला. आता आमच्या गल्लीतल्या दोघी माझ्याबरोबर येतात. त्यातली एक अजून नुसती चालते आणि दर दोन मिनिटांनी किती राहिलं म्हणून विचारते. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून महिनाभर सायकल बंद आहे. ते अंगणात खुर्ची टाकून आमची वाट बघतात आणि आल्यावर पहिलं विचारतात की आज कितव्या खांबापर्यंत गेलत्या.