जास्वंदीच्या पुण्याची वाटणी

आमच्या दोन घरांच्या मधी एक भिंत आहे. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा घातलेली. वाटण्या भांडून झाल्या नव्हत्या, म्हणून भिंतही जरा मवाळच निघाली. तिच्यावरून वाटी जाते, ताट जातं, बोलणं तर दिवसभर जातच असतं. अलीकडं मी, पलीकडं माझी थोरली जाऊ. जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत कुणी नवीन माणूस आला, की आम्हा दोघींचं बोलणं ऐकून त्याला वाटतं भांडण चाललंय. जुनी माणसं मात्र आमच्या दारावरून जाताना हॉर्नसुद्धा वाजवत नाहीत. नीट ऐकू यावं म्हणून.

तर या भिंतीला टेकून माझी जास्वंद होती. साधी, लाल, पाच पाकळ्यांची. नर्सरीत मिळते ती ताटलीएवढी केशरी-गुलाबी नव्हे. ही माझ्या माहेरची. पिंपळगाव रेणुकाईला आमच्या न्हाणीपाशी तिचं मोठं झाड होतं, आंघोळीच्या पाण्यावर पोसलेलं. ते आईनं लावलं की आईच्या सासूनं, हे आईलाही सांगता यायचं नाही. लग्नानंतर एकदा मी त्याची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीनं इकडं आणली. भोकरदनला गाडी बदलताना शेजारच्या बाईनं हळूच विचारलं, "निजलं का लेकरू?" मी फडकं कुशीतच धरलेलं होतं ना. म्हटलं, "हो, आत्ताच निजलं." उगं कुठं समजावत बसायचं.

फांदी लागली. जास्वंदीचं तसं फार काही नसतं. ऊन पाहिजे, पावसाच्या तोंडाला छाटणी पाहिजे, कारण फूल येतं ते नव्या फांदीलाच. कळ्यांपाशी पांढरी, पिठासारखी कीड बसते, तेवढी मात्र साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून पुसून काढावी लागते. मी एकेक कळी पुसत बसले की आमचे हे बाजेवरून म्हणायचे, "त्याच हातानं माझा चष्मा बी पुसून टाक." हे एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात वजनकाट्यावर होते. आयुष्यभर ट्रकांची वजनं केली, आता रिटायर झाल्यावर माझी कामं तोलत बसतात.

दोनेक वर्षांमागं माझ्या भावानं माहेरी स्लॅबचं घर बांधलं. त्यात न्हाणी गेली आणि न्हाणीपासची जास्वंदही गेली. मी फोनवर विचारलं, "तोडलीच का?" तर तो म्हणाला, "अगं ताई, तुझ्याकडं हाय की एक. मंग गेलं काय?" बोलला ते बराबर होतं. पण त्या दिवसापासून माझा जीव त्या झाडात अडकला. आता ही एकच राहिली, हिला काही झालं तर आईच्या न्हाणीपासलं फूल पुन्हा डोळ्यांनी दिसायचं नाही. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. या वयात झाडापायी डोळ्याला पदर लावला तर लोक काय म्हणतील.

आणि गंमत अशी, की माझ्या झाडाचं उमललेलं फूल मला बघायलाच मिळत नव्हतं. जाऊबाई कोंबड्याच्या आधी उठतात. भिंतीवरून हात घालून कळ्या खुडून न्यायच्या. पाण्याच्या वाटीत ठेवल्या की पूजेच्या वेळेला बराबर उमलतात. मी उठून बाहेर येईपर्यंत झाडावर नुसते देठ.

एक दिवस मी म्हटलं, "बाई, एखादं फूल झाडावर बी राहू द्या."

"झाडावर राहून काय करणार ते? सांजच्याला मिटूनच जाणार. देवीला वाह्यलं तर सार्थकी लागलं."

"माझ्या माहेरचं झाड हाय ते."

"देवी बी तुझ्या माहेरचीच हाय."

आता देवी रेणुकाई आमच्या पिंपळगावचीच, त्याला मी काय बोलणार? घरात आले. मला उत्तरं सुचतात, पण उशिरा. हे उत्तर भाकरी थापताना सुचलं, तेही दुसऱ्या दिवशी. आपल्यात म्हणतात बघा, दुसऱ्याच्या झाडाचं फूल देवाला वाह्यलं की पुण्य झाडवाल्याला जातं, वाहणाऱ्याला मिळतो तो नुसता वास. आणि जास्वंदीला तर वासही नसतो.

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर उठले. जाऊबाईंचा हात भिंतीवरून आलाच होता.

"घ्या बाई, खुशाल घ्या," मी म्हटलं. "पूजा तुमची, पुण्य माझं. बसल्या जागी मिळून राह्यलंय मला."

हात कळीपाशीच थांबला. मग हळूहळू मागं गेला. दोन-तीन दिवस झाड लालभडक राहिलं. हे म्हणाले, "जिंकलीस." मलाही तसंच वाटलं.

पण मंग पुन्हा नुसते देठ दिसायला लागले, आणि जाऊबाईंचा चेहरा असा प्रसन्न, की मला शंका यावी. वाटलं, बाईनं पुण्याचा नाद सोडला असेल. पण त्या कशाचा नाद सोडतील तर शपथ. त्यांनी तोड काढली होती, ती मला कळली उन्हाळ्यात.

आमच्याकडं नळाला पाणी येणं म्हणजे पाहुणा येण्यासारखं आहे. कधी येईल सांगता येत नाही, आणि आला की सगळी कामं टाकून त्याच्याच मागं फिरावं लागतं. त्यामुळं जास्वंदीला मी तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी सकाळी घालायची. तेवढ्यावर ती खूश असायची. त्या वर्षी मात्र चैत्रातच तिची पानं पिवळी पडायला लागली. कळ्या धरायच्या आणि न उमलताच टपटप गळायच्या. कीड बघितली, तर कीड नव्हती. गल्लीतल्या ज्यानं ज्यानं पाहिलं त्यानं एकच सांगितलं, पाणी कमी पडून राह्यलंय. जालन्यात माणूस दुसरं सांगणार तरी काय?

मी पाणी वाढवलं. डाळीचं पाणी, कपड्यांचं शेवटचं पाणी, शेवटी कूलरसाठी भरून ठेवलेल्या बादलीतलं पाणी. हे उघड्या अंगानं कूलरपुढं बसलेले. म्हणाले, "झाडाला पाणी पाजून राह्यलीस, अन् मला काय पापडासारखं वाळत घातलं का?" मी म्हटलं, "तुम्ही पिवळे पडलात की तुम्हाला बी घालीन."

झाड आणखीच पिवळं पडलं.

एका दुपारी लाईट गेली. कूलर बंद, झोप कुठली. मी दारात येऊन उभी राहिले, तर भिंतीवरून एक हात आला. हातात हिरव्या बांगड्या आणि भरलेला तांब्या. तांब्या तिरपा झाला आणि पाण्याची धार बराबर जास्वंदीच्या बुडाशी पडायला लागली.

"बाई?"

हात दचकला नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत तांब्या तसाच. मंग भिंतीवर जाऊबाईंचं डोकं दिसलं.

"काय करून राह्यल्या?"

"दिसत न्हाई का? पाणी घालून राह्यले."

"पण कशाला?"

"झाडाला पाणी घालणाऱ्याचा बी वाटा असतो म्हणलं पुण्यात. आता निम्मं माझं."

"कधीपासून?"

"तू बोललीस तवापासून. रोज. माझ्या आंघोळीतलं कमी करून घालून राह्यले. तुला काय वाटलं, फुकट घेते?"

मला आधी हसू आलं. मग ते तोंडातच राहिलं. सकाळी मी, दुपारी ह्या. मी आत जाऊन खुरपं आणलं आणि बुडाशी उकरलं. वैशाखाचं ऊन, बाहेर पाय ठेवला तर चटका बसतो, आणि चार बोटं खाली माती लापशीसारखी. वासही आंबलेला. शेतातनं आणून घातलेली काळी माती ती, एकदा प्यायली की सोडत नाही. त्यात आमच्या यांनी चारी बाजूंनी शहाबादी फरशी बसवलेली. पाण्याला जायला वाटच नव्हती. एक मूळ चिमटीत धरलं तर त्याचं साल हातात आलं, उकडलेल्या शेंगेसारखं.

जाऊबाई भिंतीवरून वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "जालन्यात, भर उन्हाळ्यात, झाड पाण्यानं मेलं. कुणाला सांगू नको. हसतील लोक."

मी हसले नाही. खाली बसले ती बसलेच.

"काय झालं गं?"

"माहेरचं झाड गेलं बाई. भावानं घर बांधलं तवाच तोडलं. ही एकच राह्यली होती."

जाऊबाईंनी हातातला तांब्या भिंतीवर पालथा घातला. म्हणाल्या, "मंग आधी का न्हाई बोललीस? मी तांब्या घातला नसता." आणि थोडं थांबून, "कळ्या बी तोडल्या नसत्या. म्हणजे सगळ्या न्हाई."

मग त्या गल्लीतनं वळसा घालून माझ्याकडं आल्या, पदर खोचून. येताना कात्री घेऊन आल्या. आम्ही एकेक फांदी नखानं खरवडून बघितली. सालीखाली तपकिरी दिसली की मेली, हिरवी दिसली की जीव आहे. हिरव्या फार थोड्या निघाल्या. त्या तिरप्या कापल्या आणि निम्म्या-निम्म्या वाटून घेतल्या. मध्येच यांनी विचारलं, "वाटणीला पंच पाहिजे का?" दोघींनी मिळून असं बघितलं, की हे आत गेले.

मी माझ्या फांद्या चांगल्या कुंडीत लावल्या. चाळलेली माती, जुनं शेणखत, वरून गोणपाटाची सावली. आणि रोज सकाळी एकेक फांदी जरा हलवून बघायची, मूळ धरलं का म्हणून. जाऊबाईंनी तेलाच्या जुन्या डब्याला भोकं पाडली, वाळू-माती भरली, त्यात फांद्या खोचल्या आणि डबा माठाच्या मागं गारव्याला ढकलून दिला. मी भिंतीवरून विचारायची, "फुटल्या का?" तर म्हणायच्या, "बघू नको. तुझी नजर पाणीवाली हाय."

माझ्या सगळ्या वाळल्या. हलवून हलवूनच वाळल्या, असं जाऊबाईंचं म्हणणं. आषाढापर्यंत मोठं झाडही काडी झालं, तेव्हा यांनी ते उपटलं. एका हातानं उपटलं, हातावर तोललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. मी त्या आळ्याकडं बघायचं सोडून दिलं. सकाळी उठले तरी मुद्दाम मागच्या दारानं बाहेर जायची.

भादव्यात एके सकाळी भिंतीवरून हाक आली, "ये गं इकडं."

"काय हाय?"

"ये तर."

गेले. माठामागचा डबा आता भिंतीपाशी उन्हात आला होता. हातभर उंचीचं रोप, पानं अशी काळीभोर हिरवी, आणि शेंड्याला एकच फूल. लाल, पाच पाकळ्यांचं. आमच्या न्हाणीपासलं.

मी वाकून बघत राहिले. जाऊबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "घे. खुशाल घे. देवीला वाह्य. पूजा तुझी, पुण्य माझं."

किती महिने सांभाळून ठेवलं असेल हो ते वाक्य.

"मी तोडत न्हाई," मी म्हटलं.

"का?"

"झाडावरच बघते."

जाऊबाईंनी डबा उचलून भिंतीवर ठेवला. मी खुर्ची आणून भिंतीच्या माझ्या बाजूला ठेवली आणि दिवसभर जाता-येता टेकले. भाजी तिथंच निवडली. त्या दिवशी मला कळलं, हे फूल दुपारी जरा गडद होतं. मागं झाड दोन-तीन दिवस लाल राहिलं, तेव्हा मी जिंकल्याच्याच तोऱ्यात होते, फुलाकडं बघितलंच नव्हतं. इतकी वर्षं आईच्या अंगणात वाढले, पण फूल दुपारपर्यंत झाडावर राहिलेलं तिथंही कधी पाहिलं नव्हतं. आईही तोडायचीच की.

आता पुढच्या पावसाळ्यात छाटणी झाली की एक फांदी मला द्यायचं कबूल झालंय, हलवून बघायची नाही या बोलीवर. तोपर्यंत मला पाणी घालायला बंदी आहे. जाऊबाई वामकुक्षीला जाताना डब्याच्या तोंडावर फुटक्या परातीचे दोन तुकडे सरकवून जातात, मधून खोड तेवढं वर.

त्या पहिल्या दिवशी सांजच्याला फूल मिटायला लागलं, तशा जाऊबाई भिंतीपाशी आल्या. म्हणाल्या, "गेलं वाया."

मी विचारलं, "बाई, एक सांगा. डबा तुमचा, माती तुमची, फांदी माझ्या माहेरची, अन् फूल तर कुणी तोडलंच न्हाई. मंग ह्याचं पुण्य कुणाचं?"



त्यांना अजून उत्तर सापडलेलं नाही. सापडेपर्यंत रोज एक फूल झाडावर ठेवायचं, असं सध्या ठरलंय.