ह्यांच्या पायातले मोजे

माझ्या नवऱ्याचं नाव बहिरू. आमच्या वेळी बायका नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या, पण मी आता घेते. ह्या माणसानं मला जे सोसायला लावलं, त्यानंतर तेवढी मुभा मला हाय. माणूस वाईट नाय बरं का. दारू नाय, पत्ते नाय, कधी अंगावर हात टाकला नाय. पण एकेकदा मला वाटायचं, ह्यानं दोन शिव्या तरी द्याव्यात. निदान घरात नवरा हाय एवढं तरी कळलं असतं.

त्र्याहत्तर साली दुष्काळ सरला आणि आम्ही सिन्नरकडचं गाव सोडून नाशकात आलो. सातपूरला एका कारखान्यात ह्यांना बाटल्या धुवायच्या खात्यात काम लागलं. दिवसभर पाण्यात उभं राहायचं, पायात रबरी गमबूट. ते गमबूट कोणा एकाचे नव्हते. दाराशी ढीग असायचा, पाळीवर येईल त्यानं मापाचे उचलायचे आणि सुटताना तिथंच टाकायचे. एकाच्या घामानं ओले असतानाच दुसऱ्याचा पाय आत जायचा. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाय. मी तर खूश होते, चपला झिजत नायत म्हणून.

आमचा यादव तेव्हा शाळेत जायला लागला होता आणि शकू रांगत होती. एक दिवस हे घरी आले ते पायात मोजे घालूनच आत आले, आणि ते मोजे नंतर आमच्यासमोर कधी उतरलेच नायत. वर पत्रा, वैशाखाचं ऊन, आम्ही सगळे घामानं चिंब, आणि हा माणूस मोजे घालून भिंतीला टेकून बसलेला. विचारलं तर म्हणायचे, गार लागतं. मोजे स्वतः धुवायचे आणि मोरीमागं कोणी जात नाय तिथं वाळत घालायचे. अंगाला कायम रॉकेलचा वास. मग अंथरूण ओट्यावर गेलं. शकू रांगत ह्यांच्याकडं निघाली की हे उठून बाहेर जायचे. यादव पायाला मिठी मारायला आला की, जा, आईकडं जा. दिवाळीला पोरं पाया पडायला वाकली की हे दोन पावलं मागं, लांबूनच करा म्हणायचे. सिंहस्थात गावाकडचे सगळे आमच्याकडं उतरले, गंगेवर गेले, आणि ह्यांना नेमकी त्या दिवशी ड्युटी निघाली.

मला दुसरं काय वाटणार? शेजारची ठमाबाई म्हणालीच, मालन, जरा लक्ष ठेव, बाहेर काहीतरी असणार. मी लक्ष ठेवलं. बाहेर काही नव्हतं. कारखाना आणि घर, घर आणि कारखाना. मग राहिलं एकच, की ह्यांना माझी किळस येते. मी भांडले, रडले, माहेरी जाऊन बसले, परत आले. हे मान खाली घालून ऐकायचे. तेरा-चौदा वर्षं आमचा संसार असाच चालला, आणि मला त्याची सवय झाली असं मी लोकांना सांगायचे. सवय कसली होतेय? आतून जळत होते मी.

अठ्ठ्याऐंशी साली यादवचं लग्न ठरलं. पोरगी सिन्नरकडचीच, लता नाव. तिचे वडील पुंजाबाबा, शेतकरी माणूस, बायको मागंच वारलेली. सुपारी फोडायला आले तेव्हा मोठ्या हौसेनं म्हणाले, आमच्यात नवरीचा बाप व्याह्याचे पाय स्वतः धुतो, भर मांडवात, ताम्हणात. हळदीचं पाणी घालून आपल्या हातानं धुतो. मी हसून हो म्हटलं. ह्यांच्याकडं पाहिलं तर तोंडावर रंगच नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता हे म्हणाले, मी लग्नाला येणार नाय, यादवच्या मामाला माझ्या जागी उभं करा. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पोटच्या पोराचं लग्न! यादव तिथंच होता. त्यानं कप खाली ठेवला. तो बापाला काही बोलला नाय, मला म्हणाला, ह्यांनी मला लहानपणी जवळ केलं नाय, आता तरी कशाला करतील. पण हे मांडवात नसतील तर मीही बोहल्यावर उभा राहणार नाय. ही बातमी पुंजाबाबांच्या कानावर गेली. त्यांचा निरोप आला, नवऱ्या मुलाचा बाप जिवंत असून मांडवात नाय तर मी लोकांना काय सांगू, मग सोयरीक मोडलेली बरी. आठवड्याच्या आत होकार कळवा म्हणाले.

त्या दुपारी मी पोरांना बाहेर पाठवलं आणि दाराला कडी लावली. ह्यांना म्हटलं, मला खरं सांगा, नायतर मी आज ह्या घरातून जाते. मी विचारलं, पाय धुवायचं म्हटल्यावर तुमचं तोंड का उतरलं? हे पाय पोटाशी ओढून बसले. मग माझं डोकंच फिरलं. मी खाली बसले, ह्यांचा पाय धरला आणि मोजा ओढला.

आई गं. काय बघितलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाय. अंगठ्याचं नख पिवळं, जाड, वाळक्या खोबऱ्याच्या तुकड्यासारखं, कडेनं भुगा होऊन गळणारं. बाकीच्या नखांचंही तेच. करंगळीच्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजून फुगलेली, चिरलेली. रॉकेलनं भाजून आजूबाजूला काळे डाग. ह्यांनी पाय झटक्यात मागं घेतला आणि म्हणाले, "शिवू नको, मालन. माझ्या मामाचं दुखणं हाय."

ह्यांच्या मामाला महारोग झाला होता, एवढं मला ठाऊक होतं. त्या दिवशी बाकीचं कळलं. मामाला गावाबाहेर बांधावर खोपी घालून ठेवलं होतं. भाकरी लांब दगडावर ठेवून यायची, आणि ते काम लहानग्या बहिरूकडं होतं. एक दिवस भाकरी तशीच राहिली. मग गावानं खोपी पेटवून दिली, आत बघितलंसुद्धा नाय. अंगठ्याचं नख पिवळं पडलं त्या दिवशी ह्यांनी मनाशी ठरवलं की आपल्यालाही तेच झालंय. डॉक्टरकडं गेलो तर बोभाटा होईल, पोरांची लग्नं होणार नायत, म्हणून गप्प. आम्हाला लागू नये म्हणून लांब.

आधी भीती वाटली, खोटं कशाला बोलू, हाताकडं बघितलं मी माझ्या. मग इतका राग आला की ह्या माणसाला धरून बडवावं. माझी किळस येते म्हणून नाय, मला लागेल ह्या भीतीनं हा ओट्यावर झोपला होता, आणि एका शब्दानं बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं. चामडीचे डॉक्टर, पिकलेल्या मिशांचे. त्यांनी पाय सरळ मांडीवर घेतला. ह्यांना डोळे मिटायला सांगितले आणि कापसाच्या टोकानं पायाला इथं तिथं हलकंच शिवत राहिले. कुठं लागलं ते बोटानं दाखवा म्हणाले. ह्यांनी दर वेळी बरोबर दाखवलं. मग विचारलं, खाज सुटते का? हे म्हणाले, जीव नकोसा होतो इतकी. डॉक्टरांनी नखाचा भुगा खरवडून काचेवर घेतला, त्यावर थेंब टाकला आणि आत जाऊन यंत्रातून बघून आले.

"महारोग नाही," ते म्हणाले. "महारोगात चट्टा बधिर होतो, चटका बसला तरी कळत नाही. तुम्हाला सगळं कळतंय. ही बुरशी आहे. पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर धरते ना, तसलीच."

मग त्यांनी काम काय ते विचारलं, आणि गमबुटांचा ढीग ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाले, त्या खात्यातल्या निम्म्या लोकांचे पाय असेच निघतील. स्वतःचे गमबूट घ्या. पाय धुतले की बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. मोजे सुती घाला, उकळत्या पाण्यात धुऊन उन्हात टाका. टॉवेल वेगळा ठेवा. रॉकेल बंद. बेचक्यांना मलम दिलं, नखांसाठी गोळ्या दिल्या, जेवणानंतर घ्यायच्या आणि मध्येच सोडायच्या नायत. नख मुळापासून नवं यावं लागतं, वर्ष जाईल, जास्तही जाईल म्हणाले. निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. महारोग असता तरी आता त्यावर गोळ्या आहेत, माणूस बरा होतो, त्याला घराबाहेर काढायचं काही कारण नाही.

बाहेर आलो. हे दवाखान्याच्या पायरीवरच बसले. मला वाटलं, आता हसतील, निदान रडतील. माझ्याकडं बघून म्हणाले, "म्हणजे शकूला मांडीवर घेतलं असतं तरी चाललं असतं?"

शकू तेव्हा पंधरा वर्षांची होती. खाजेपायी, एका साध्या खाजेपायी, अख्खं बाळपण गेलं पोरीचं बापाच्या मांडीशिवाय. मला तिथं रस्त्यावर ओरडावंसं वाटत होतं.

लग्नाचा होकार कळवला. महिनाभरात बेचक्या वाळल्या, खाज थांबली. नखं मात्र तशीच पिवळी. मी म्हटलं, कोणी विचारलं तर तोंडावर सांगायचं, आता लपवायचं नाय. यादवला मी सगळं सांगितलं होतं. तो बापाकडं बघतही नव्हता, आणि त्यांच्यापासून हलतही नव्हता.

मांडवात ह्यांनी मोजे काढले. बायकांत कुजबुज उठली, एकीनं तर पोराला मागं ओढलं. हे मोठ्यानं म्हणाले, बुरशी हाय, डॉक्टरनं तपासलंय. पण नवल पुंजाबाबांचं. त्यांनी मानसुद्धा वर केली नाय. एकेक बोट धुतलं, उपरण्यानं पुसलं. मला वाटलं, केवढ्या मनाचा माणूस.

लग्न लागलं. पंगतीच्या गडबडीत पुंजाबाबांनी आम्हा दोघांना मांडवामागं गोठ्याकडं बोलावलं. ह्यांना विचारू लागले, तो डॉक्टर कुठं बसतो. मग कॅनव्हासचा बूट काढला. घोट्याच्या वर फिकट चट्टा, तळव्याला भोक, त्यात रक्त साकळलेलं. सकाळी मांडवाचा खिळा घुसला म्हणाले. मोजा लाल झाला तेव्हा समजलं.

मी विचारलं, "दुखलं नाय?"

"नाय," ते म्हणाले. "त्या पायाला लय दिवस काहीच कळत नाय."

मी मागं झाले. हो, झाले, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर हे, की ह्याची पोरगी तासाभरापूर्वी माझ्या घरची झाली. आम्हाला फसवलं. ह्यांच्याकडं बघितलं तर हे खाली बसले होते. पुंजाबाबांचा पाय ह्यांनी दोन्ही हातांत धरला होता. बोटानं दाबून विचारत होते, इथं कळतं? इथं? आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, ह्याच्यावर गोळ्या हायेत, परवा दोघं जाऊ.

तेवढ्यात लता आली. अंगावर हळद, कपाळाला बाशिंग. पंगत थांबलीय म्हणून बापाला शोधत आली होती. तिनं बापाचा उघडा पाय बघितला, पण ती दचकली नाय. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. तेव्हा मला कळलं की पोरीला सगळं ठाऊक होतं, बापाबरोबर तीही किती वर्षं हे पोटात घेऊन बसली होती.

"आई," ती म्हणाली, "मला इथंच ठेवून जाणार का?"

मी पदर खोचला आणि पुंजाबाबांसमोर खाली बसले.

"कोमट पाणी आण," मी तिला म्हटलं. "आपण दोघी धुऊ."