सुब्बारावांनी अडवलेली तपासणी

रुग्णाला हात लावण्याआधी सुब्बाराव आपले तळवे घासून गरम करत. सीटी स्कॅनची खोली गारठलेली असे. "डरना नक्को बाबा. मैं बोला तो सांस रोको," असं म्हणत त्यांनी अण्णांना, माझ्या वडिलांना, आडवं केलं. तारनाक्याच्या घरात सगळ्यांवर डाफरणारे अण्णा मुकाट ऐकत होते.

अण्णांच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. ती फुटली तर माणूस वाचत नाही, असं सर्जननी सांगितलं होतं. ऑपरेशन परवावर आलेलं. त्याआधी शिरेतून औषध सोडून सीटी काढायचा, म्हणजे फुगा कुठून कुठवर आहे ते नेमकं मोजता येतं. सुब्बाराव त्या सरकारी दवाखान्यातले जुने तंत्रज्ञ. त्यांनी फाईल चाळली, सुई खाली ठेवली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "किडनी का रिपोर्ट पुराना है अम्मा. नया आये तक दवा नै डालता." डॉक्टरांनाही त्यांनी फोनवर तेच सांगितलं. तपासणी लांबली, ऑपरेशनही.

राज्याची वाटणी झाली तो हा काळ. कोण इथे राहणार, कोण तिकडे जाणार, याच्या याद्या निघत होत्या. सुब्बाराव गुंटूरकडचे, म्हणजे आता पलीकडच्या राज्यातले, पण तीस वर्षं इथे नोकरी केलेले. मी भरल्या रांगेसमोर ओरडले, "हमारे लोगां मरे तो तुमको क्या? तुम्हारा राज्य अलग हो गया, जाओ उधर." माझे स्वतःचे आजोबा परभणीहून इथे आलेले.

सुब्बाराव शांतपणे म्हणाले, "ऑर्डर आया तो जाताच अम्मा. पहले बाबा का रिपोर्ट आन दो."

रिपोर्ट वाईट आला. त्या दिवशी औषध गेलं असतं तर मूत्रपिंडं कायमची निकामी झाली असती, असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवस सलाईन देऊन, कमी औषधात, सुब्बारावांनीच सीटी काढला. ऑपरेशन नीट पार पडलं. मधल्या दिवसांत ते मला भेटले की विचारत, "चाय पिये अम्मा?" मला मान वर करवत नसे. माफी उद्या मागू, असं रोज ठरवत राहिले.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणीला गेलो, तर त्यांची बदली तिकडे झालेली. परतताना रिक्षात अण्णा म्हणाले, "त्या दिवशी तू त्यांना बोललीस ते मी आतून ऐकलं होतं. माफी मागितलीस ना?"

"मागितली," मी म्हणाले.

"बरं केलंस."

अण्णा पुढे सहा वर्षं जगले. दर दिवाळीला म्हणत, "सुब्बारावांना फोन लाव गं." लागत नाही, असं मी सांगायचे. त्यांचा नंबर मी कधी घेतलाच नव्हता.