मार्लिसबाईंचं लार्चवुड

लार्चवुड कॉलेजबद्दल वाकडा शब्द मार्लिस होकान्सनला खपत नसे. मिनेसोटातल्या आमच्या गावात लोक पाद्र्याची टिंगल करतील, फुटबॉलच्या संघाला शिव्या घालतील, पण मार्लिससमोर लार्चवुडचं नाव जपून घेतील. "तुझा तो बायकांचा मठ," असं म्हणायची छाती एकट्या कॅरिनची, तिच्या धाकट्या बहिणीची, आणि तीही टेबलाच्या पलीकडे बसूनच.

या मायेला कारण होतं. मार्लिस लहानपणी बोलताना अडखळायची. अठराव्या वर्षी ती राज्याच्या मोठ्या विद्यापीठात गेली. वर्ग कसला, जत्राच! शेकडो पोरं, आणि पार खाली कुठेतरी माइकवर बोलणारा प्राध्यापक. एकदाच तिनं हात वर केला. पहिल्याच शब्दाला जीभ अडकली ती सुटेना, आणि मागच्या रांगेतल्या मुलांनी तिची नक्कल केली. त्यानंतर वर्षभर तिनं तोंड उघडलं नाही. शेवटी सगळं सोडून घरी बसली, आणि कुणी सुचवलं म्हणून लांबच्या टेकडीवरच्या या एवढ्याशा खाजगी कॉलेजात गेली. तिथे सगळ्या मुलीच. इतिहासाच्या बाई तिचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायच्या. त्यांच्याबरोबर अख्खा वर्ग थांबायचा, आणि कुणी हसायचं नाही. आज मार्लिस काउंटीच्या कोर्टात साक्षीदारांना शपथ देते, तीही खणखणीत आवाजात. असं कॉलेज विसरेल ती मार्लिस कसली!

एप्रिलमध्ये तळ्यावरचं बर्फ फुटायला लागलं की ती फोन घेऊन बसायची. आसपासच्या ज्या मुलींना लार्चवुडनं प्रवेश देऊ केलाय त्यांना जुन्या विद्यार्थिनींनी फोन करायचा, घरी जाऊन भेटायचं, गळ घालायची, अशी तिथली पद्धत. मुलींच्या हातात दोन-तीन ठिकाणचे प्रवेश असतात. एक मेपर्यंत एकाला होकार द्यायचा आणि बाकीच्यांना नकार कळवायचा. एकदा नकार गेला की ती जागा दुसऱ्याला.

त्या वर्षी मार्लिसच्या वाट्याला दोन मुली होत्या. एक कॅरिनची सिग्ने, म्हणजे सख्खी भाचीच. दुसरी पाकू मुआ. मुआ मंडळी ह्मॉन्ग, लाओसच्या डोंगरांतून निर्वासित होऊन आलेल्या लोकांपैकी, गावाच्या पलीकडच्या टोकाला राहणारी. बाजारात त्यांच्या भाजीचा ठेला असायचा. दोघी पोरी अबोल. दोघींपुढे तोच पेच, मोठं सरकारी विद्यापीठ की लार्चवुड. कॉलेज बघायला एकत्र गेल्या तेव्हा दोघींची गट्टी जमली, आणि गेलोच तर एका खोलीत राहायचं असंही ठरलं.

आणि अशात फिलिसचा फोन आला. फिलिस मार्लिसची वर्गमैत्रीण, आता कॉलेजच्या विश्वस्त मंडळावर.

"कुणाला बोलू नकोस, मार्लिस. उन्हाळ्यात मत घेणार आहेत. बहुतेक बंदच करतील."

"बंद? म्हणजे आता मुलगेही घेणार, असं ना?"

"नाही गं. टाळंच. यंदा पुरेशा मुली आल्या तर कदाचित निभावेल. पण ही बातमी फुटली तर एकही येणार नाही, आणि मग संपलंच. तू फोन करत राहा."

मार्लिसनं फोन ठेवला. आधी रडली, मग फिलिसवर चिडली, मग पुन्हा रडली.

रविवारी कॅरिनकडे जेवण होतं. वर बटाट्याच्या वड्या लावून ओव्हनमध्ये भाजलेला खिमा, तेच आमचं नेहमीचं जेवण. कॅरिननं वाढता वाढता टोमणा मारलाच, "काय मठाधिपती, पोरीला दीक्षा कधी देताय?" मार्लिस हसली नाही. जेवण झाल्यावर सिग्ने तिला गाडीपर्यंत सोडायला आली.

"मावशी, माझं काही ठरत नाहीये. तू म्हणशील तिथे जाते. खरंच."

झालं! हेच नको होतं. परक्या मुलीनं विचारलं असतं तर मार्लिसनं लार्चवुडची आरती ओवाळली असती. पण ही पोर तिच्या मांडीवर वाढलेली. वर्षभरात कॉलेजला टाळं लागलं तर ही कुठे जाईल? पुन्हा तीच जत्रा, आणि तीही अर्ध्यातून, ओळख ना पाळख. मार्लिसनं गाडीचं दार लावून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं.

"पण कुणाजवळ बोलायचं नाही हं. आईजवळसुद्धा नाही."

"आणि पाकू?"

"पाकूचं मी बघते."

काय बघितलं? काही नाही. उद्या सांगू, परवा सांगू. एक मुलगी गळाली तर कॉलेज बुडायला तेवढंच निमित्त. आणि कोण जाणे, कदाचित तरेलही. पाकूला तिथे चांगलंच वाटेल. माणूस स्वतःला काय काय पटवून देतो! पाकूचा फोन आला की मार्लिस इतिहासाच्या बाईंच्या गोष्टी सांगायची. त्या खऱ्याच होत्या, म्हणून सांगताना जीभ अडखळायची नाही.

एक मे उजाडला. सिग्नेनं सरकारी विद्यापीठाला होकार दिला. दुपारी पाकूचा फोन आला, आवाजात नुसतं हसू. "बाई, मी लार्चवुडला हो म्हटलं! दुसरीकडे नकार कळवला. बाबांनी रविवारी तुम्हाला जेवायला बोलावलंय. यायचंच हं."

जाणं भाग होतं. मुआंच्या घरात माणसं मावत नव्हती. उकडलेल्या कोंबड्या, अंडी, वाफाळता भात. पाकूला मध्ये बसवून एकेक जण तिच्या मनगटाला पांढरा दोरा बांधत होता, पुटपुटत आशीर्वाद देत होता. पाकूच्या आईनं मार्लिसचाही हात धरला आणि दोरा बांधला. मार्लिसला तो हात ओढून घ्यावासा वाटला.

"हिला लांब धाडायला मी तयार नव्हतो," पाकूचे वडील म्हणाले. "मोठ्या विद्यापीठात घरून जा म्हणत होतो. पण म्हटलं, लार्चवुडला बाईंची माणसं आहेत. लक्ष ठेवतील."

"बाई, सिग्ने उत्तरच देत नाही हो माझ्या मेसेजना," पाकू म्हणाली. "खोलीचं कळवायचंय. ती येतेय ना?"

हातातली ताटली मार्लिसनं खाली ठेवली.

"नाही, बाळ. ती सरकारी विद्यापीठात चाललीय."

"का?"

आणि इतक्या वर्षांनी मार्लिसची जीभ पहिल्याच शब्दाला अडकली. सारी खोली थांबली. कुणी हसलं नाही, कुणी तिच्या तोंडचा शब्द पुरा केला नाही. ती म्हातारीकोतारी माणसं हातातले दोरे तसेच धरून तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं सांगितलं. कॉलेज बहुतेक बंद होणार. नक्की नाही, पण बहुतेक.

पाकूनं मान खाली घातली. तिचे वडील आवाज न चढवता म्हणाले, "तुम्हाला कधी कळलं?"

"एप्रिलमध्ये."

"आणि भाचीला कधी सांगितलंत?"

"त्याच आठवड्यात."

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. बायकोला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. ती उठली, मार्लिसची ताटली उचलली, तिच्यात आणखी भात घातला आणि तिच्या पुढ्यात ठेवली.

"जेवून घ्या, बाई," ते म्हणाले. "आमच्याकडून कुणी उपाशी जात नाही."