विहीणबाईंनी विचारलं तेव्हा

पनवेलच्या मच्छीबाजारात सुकट-बोंबील घेऊन बसणारी ठमाबाई ज्याला ठाऊक नव्हती, तो त्या काळात पनवेलचा नव्हेच. माप भरता भरता ती येशूबद्दल सांगायला लागायची, आणि गिऱ्हाईक पिशवी उचलून चालू पडलं तरी हिचं सांगणं आपलं चालूच. शेजारच्या कोळणी टर उडवायच्या, "सुकट इकत, येशू फुकट!" ती हसायची. म्हणायची, "फुकटच हाय गो. त्याचं मोल कुणाला परवडतंय?"

मूळची ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात मोठा मान धवलारणीचा. ती धवले गाऊन एकेका देवाला मांडवात बोलावते, तेव्हा कुठे लग्न लग्नासारखं वाटतं. ठमाबाईचा आवाज असा खणखणीत, की पळस्प्यापासून जासईपर्यंतची माणसं तिला विचारून लग्नाची तारीख धरायची. पण घरात नवरा, बळीराम. न्हावा शेव्याच्या बंदरात जमीन गेली, हातात पैसा आला आणि गडी बाटलीत बुडाला. मारायचा, आणि उतरली की पाया पडून रडायचा. भगत झाले, नवस झाले, कोंबडी कापून झाली. शेवटी एक गिऱ्हाईक बाई, दवाखान्यात नर्स होती ती, ठमाबाईला लाकडाच्या वखारीवरच्या प्रार्थनेच्या खोलीत घेऊन गेली. तिच्यामागून कुरकुरत बळीरामही जायला लागला. एकदम काही चमत्कार झाला नाही. दारू सुटली, परत प्याला, परत सुटली. पण वर्ष सरता सरता सुटली ती कायमची. नवरा-बायकोने बाप्तिस्मा घेतला आणि ठमाबाईने धवले बंद केले. ज्या देवांना मी आता हाक मारत नाय, त्यांना दुसऱ्याच्या मांडवात कशी बोलवू, म्हणाली. गावाने नाकं मुरडली, भावकीने बोलणं टाकलं. टाकलं तर टाकलं! बाई आणखीच बोलायला लागली.

भोगावं लागलं ते लेकीला. दमयंतीला बघायला पाहुणे आले, पसंती झाली, सुपारी फुटायची तेवढी राहिली, आणि ठमाबाईने मुलाच्या आत्येला कोपऱ्यात घेऊन येशूची कहाणी लावली. पाहुणे चहा तसाच टाकून उठले. त्यानंतर दोन वर्षं त्या घराकडे कुणी फिरकलं नाही. दमयंतीने स्वतः बाप्तिस्मा घेतला नव्हता, पण ते ऐकून कोण घेतंय? अखेर उरणकडच्या प्रदीपचं स्थळ सांगून आलं. बंदरात कामाला, स्वभावाने गरीब. लग्न जातीच्या रीतीने व्हावं, एवढीच त्यांची अट.

त्या दिवशी दमयंतीने आईचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. "आये, म्हण. माझ्या सासरच्या कुणापुढे येशूचं नाव काढणार नाय."

"अगो, शपथ घेऊ नये. चर्चचे पाळक सांगतात..."

"मंग मी अशीच म्हातारी होऊ? तुमचा येशू मना नवरा आणून देणार हाय काय?"

पोरगी हमसून हमसून रडायला लागली. ठमाबाईने शपथ घेतली. आई होती, काय करणार!

लग्नाला जासईहून दुसरी धवलारीण आणली. ती गात होती आणि ठमाबाई मागल्या पडवीत ओठ मिटून भाताला वाफ देत होती. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि मांडवात एकच आरडाओरडा झाला. प्रदीपचा बाप सुदाम पिऊन तर्र होऊन पंगतीतच आडवा झाला होता, वाढलेल्या पानांवर. लेकाने, मुंडावळ्या बांधलेल्या लेकाने, बापाला काखेत धरून टेम्पोत नेऊन टाकलं. सगळा गाव बघत होता.

प्रदीपची आई रमा पदराने तोंड झाकत पडवीत आली आणि ठमाबाईशेजारी जमिनीवरच बसली.

"विहीणबाई, एक इचारू? तुमचे मालक पण असेच व्हते म्हणतात. मारायचे म्हणतात. मंग त्यांची सुटली कशी? मना सांगा. तुमच्या पाया पडते. थकले मी आता." आणि खरंच तिने ठमाबाईचे पाय धरले.

अरे देवा! इतकी वर्षं ठमाबाईने दिसेल त्याला न विचारता सांगितलं होतं. पाय धरून विचारणारी ही पहिलीच. शब्द अगदी जिभेवर आले. तेवढ्यात तिने वर पाहिलं, तर माजघराच्या दारात दमयंती उभी. तिने फक्त आपला हात आपल्या डोक्यावर ठेवला.

"डॉक्टर व्हता एक," ठमाबाई म्हणाली. "पनवेलला. त्याने गोळ्या दिल्या."

"नाव सांगा त्याचं. उद्याच नेते यांना."

"आता नाय तो. मेला."

तोंडातून शब्द गेला आणि तिचा तिलाच ऐकू आला. कुणाला मेला म्हणाली ती? येशूलाच की! रमा "बरं" म्हणाली, डोळे पुसले आणि पाहुण्यांत जाऊन बसली.

पुढे ठमाबाईला अन्न गोड लागेना. बाजारात बसायची, पण मुकाट. कोळणी विचारायच्या, काय गो, फुकटचा माल संपला काय? पाळकांपुढे जाऊन रडली, तर ते म्हणाले, जा आणि खरं सांगून टाक. दमयंती माहेरी आली तेव्हा ठमाबाईने पोरीची विनवणी केली, "मना शपथेतून सोडव."

दमयंतीला दिवस गेले होते. "बाळंतपण होऊ दे आये, मंग सांग. आता नको. मना तिथं नांदायचंय."

ठमाबाई थांबली. सुदामसाठी रोज प्रार्थना करायची, बळीरामलाही शेजारी बसवायची. एकदा न राहवून रमाला खरं सांगायला उरणच्या एसटीत बसली, आणि अर्ध्या वाटेत जासईला उतरून परत आली.

दमयंतीला आठवा लागला होता, तेव्हा सुदाम न्हावा शेव्याच्या रस्त्यावर ट्रेलरखाली सापडला. पिऊन रस्त्याच्या मधून चालला होता.

ठमाबाई भेटायला गेली. रमा भिंतीला टेकून बसली होती, कपाळ मोकळं, हात मोकळे. शेजारी दमयंती. ठमाबाई टेकते न टेकते तोच रमा म्हणाली, "डॉक्टर नव्हताच ना?"

ठमाबाईने 'नव्हता' म्हणून मान हलवली.

"तुमच्या बाजारातली एक बाय भेटायला आलती. म्हणाली, ठमाबाई येशूचं सगळ्यांना सांगते. येणाऱ्याला, जाणाऱ्याला. भिकाऱ्याला पण बसवून सांगते." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "मी पाय धरून इचारलं, तर मना नाय सांगितलं. आमचा माणूस भिकाऱ्याहून वाईट व्हता काय, विहीणबाई?"

दमयंतीने मान खाली घातली. तिचे दोन्ही हात पोटावर घट्ट धरलेले. पोरीने शपथ घातली होती, एवढं म्हटलं असतं तर ठमाबाई सुटली असती. पण मग पोरीने त्या घरात राहायचं कसं?

"नाय हो," ती म्हणाली. "माणूस चांगला व्हता. मीच घाबरले. माझं चुकलं."

"मंग आता सांगा," रमा म्हणाली. "पण आता कुणासाठी सांगणार, ते पयलं सांगा."

ठमाबाई पुढे सरकली आणि तिने रमाचे पाय धरले.