लिंक उघडत नाही, कारण

रेवा आणि ईशान,

तुम्ही परवा फोनवर विचारलंत, "आजी, तुझ्या शाळेच्या ऑनलाइन म्युझियमची लिंक का उघडत नाही?" फोनवर मी नीट सांगितलं नाही, म्हणून लिहिते.

मी तेव्हा भिवंडीतल्या शाळेत लायब्ररियन होते. दोन हजारनंतरची सुरुवातीची वर्षं. वेबसाइटच्या एका स्पर्धेसाठी नववीच्या मुलांनी घरातल्या जुन्या वस्तूंचे फोटो जमवले होते. त्यांतली, जवळच्या अंजूर गावची दर्शना म्हणाली, "बाई, माझ्या आजीचा धवला टाकूया?"

धवला म्हणजे लग्न लावताना गायचं गाणं. आगरी घरांत ते गाणारी बाई धवलारीण. दर्शनाची आजी गावातली शेवटची, आणि तिला दम लागू लागला होता.

टेपरेकॉर्डर घेऊन आम्ही अंजूरला गेलो. आजीने चहा दिला, मशीन निरखलं आणि विचारलं, "कोनाचा लगीन हाय?"

"कुणाचंच नाही. रेकॉर्ड करायचंय."

"लगीन न्हाय, त धवला कसा बोलू? देव येतील नं बघतील, नवरा न्हाय, नवरी न्हाय!"

"मंग माझाच लाव," दर्शना म्हणाली.

"आधी गणितान पास हो. नापास नवरी कोन नेल?"

शेवटी आजीनेच तोड काढली: तुळशीचं लग्न. पण ते दिवाळीनंतर, आणि प्रवेशिका दिवाळीआधी द्यायची होती.

हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, स्पर्धेची तारीख तुळस बघून ठरत नाही. दुसऱ्या कुणाचं तरी गाणं टाका."

"दुसरं कुणी नाहीये, सर."

धवल्याविना प्रवेशिका गेली. बक्षीस मिळालं नाही.

तुळशीच्या लग्नाला आजी नवं लुगडं नेसून अंगणात बसली. मध्ये दोनदा थांबली, पाणी प्यायली, पण धवला पुरा केला. मी टेपरेकॉर्डर धरून उभी होते.

आता तो वेबसाइटवर चढवायचा, म्हणजे अपलोड करायचा. इंटरनेट टेलिफोनच्या वायरीवरून चाले. आवाजाची फाइल जड. दर वेळी अर्ध्यात तुटे. मग ठरलं, निदान शब्द टाकू. दर्शनाने कॅसेट ऐकून ते टाइप केले. मी शिस्तीने शुद्धलेखन तपासलं. 'लगीन'चं 'लग्न' केलं, 'न्हाय'चं 'नाही'.

दर्शनाने घरी वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "ह्यो कोना बामनाचा धवला?"

मी ओशाळले. दर्शनाने पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला घेतलं. एकेक ओळ मागे-पुढे करून ऐकायची, गुणगुणायची, मग टाइप करायची. महिनाभर लायब्ररीत तेच चालू होतं. मी तिला एकदाही "सायलेन्स" म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी आजी गेली. वेबसाइटला फुकट जागा देणारी कंपनी काही वर्षांनी बंद पडली, म्हणून तुमची लिंक उघडत नाही. कॅसेटला माझ्या कपाटात बुरशी आली. कपाट मी दर दिवाळीला आवरत होते, कॅसेट मात्र कधी उघडून पाहिली नाही. जपणं आणि नीट लावून ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लायब्ररियनला उशिरा कळलं.

गेल्या महिन्यात अंजूरला लग्नाला गेले होते. शेतं होती तिथे गोडाऊन झालीत. मांडवात दर्शना धवला म्हणत होती, कागदाशिवाय. ज्या दोन जागी आजी पाण्यासाठी थांबली होती, तिथे तीही थांबली.

तेवढं शिल्लक आहे.